सॅमसनकाका, यंदा प्रश्न कुणी विचारले?

सॅमसनकाका,

तुमच्या दारावरचा हात मी अजून काढलेला नाही. घरमालक दोनदा म्हणाले, खोलीला रंग द्यायचा आहे, तो कागद तेवढा उतरवून घ्या. मी हो म्हणते आणि खुर्चीवर चढत नाही. पांढऱ्या कागदावर गेरूत उमटलेला पंजा, करंगळी बाहेरच्या अंगाला वाकलेली. रेल्वेत गार्ड असताना डब्याच्या दारात सापडली होती ती. हजार पंजे उमटवले तरी तुमचा ओळखू येईल.

कोकणातल्या तुमच्या ज्यू घरी वल्हांडणाच्या सणाला हा पंजा बकऱ्याच्या रक्ताचा असायचा. मिसर देशात गुलामांनी आपल्या दारांना रक्त लावलं आणि मृत्यू ती घरं ओलांडून पुढं गेला, त्याची आठवण म्हणून. बदली होऊन बडनेऱ्याला आलात तेव्हा तुमच्या रीतीनं बकरं कापणारं इथं कुणी नव्हतं. तुम्ही मटण सोडलंत आणि रक्ताच्या जागी गेरू आला. सासू-सुनांनी सारवणाला वापरायचा तो गेरू. देवाले रंग समजते, तुम्ही म्हणायचात.

यंदा पंजा लावल्यावर अकराव्या दिवशी मृत्यू तुमच्या दारात थांबला. मी अकोल्यात होते.

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. बाबांचा अमरावतीतला छापखाना म्हणजे एक मशीन, दोन रॅक आणि सुतळीनं बांधलेले गठ्ठे. 'निषेध' हा शब्द मला 'नळ'च्या आधी वाचता येत होता. अशा घरात माझं नाव क्रांती असणार हे उघड आहे. तुम्ही निवृत्त झाल्यावर बाबांकडं फुकट मुद्रितं तपासायला यायला लागलात. अंग वाळल्या शेंगेसारखं आणि नाव पोथीतल्या बलदंड सॅमसनचं, यावर बाबा रोज एकदा हसायचे आणि तुम्ही रोज एकदा हसू द्यायचात.

रिबेकाकाकू गेल्या त्याच्या पुढच्या चैत्रात तुम्ही छापखान्यात आलात. मुलगा आणि बहीण कधीच इस्रायलला गेले होते. तुम्ही बाबांना म्हणालात, "एक पोट्टी उसनी दे बाप्पा. एका सांजेपुरती."

बाबांनी मशीन न थांबवता सांगितलं, "घेऊन जा. वापस नाई आणली तरी चालते."

मी सात वर्षांची होते. वाटेत तुम्ही मला काम समजावून दिलंत. सणाच्या सांजेला ताटावर बसल्यावर घरातल्या सगळ्यांत लहान माणसानं विचारायचं, आजची सांज बाकीच्यांहून निराळी कशी? असे चार प्रश्न. मग मोठ्या माणसानं गुलामीतून निघाल्याची गोष्ट सांगायची. लहानानं विचारल्याशिवाय गोष्ट सुरूच करायची नाही. मी विचारलं, कुणीच लहान नसेल तर? तुम्ही म्हणालात, मग बायको विचारते. तीही नसेल तर एकट्या माणसानं स्वतःच स्वतःला विचारायचं. मला हसू आलं. मी म्हटलं, स्वतःलाच विचारायचं तर उत्तर आधीच माहीत असतं ना. तुम्ही सायकल हातानं ढकलत राहिलात.

त्या दिवशी दुपारी मी भाकरीचा खेळ पहिल्यांदा पाहिला. गुलाम घाईनं निघाले, पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून त्या आठ दिवसांत खमिराचं काही खायचं नाही. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकरी तव्यावरून उतरली पाहिजे. तुम्ही गार्डाचं घड्याळ भिंतीला टांगलंत, पाणी ओतलंत आणि शिट्टी फुंकलीत. मी लाटायची, तुम्ही भाजायचात. सतराव्या मिनिटाला मला हिरवी झेंडी दाखवायचात. शेवटची भाकरी कच्ची राहिली तर ती गाईला. शेजारच्या मालाकाकू दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या.

दरवर्षी मी गेले. शाळेत असताना, कॉलेजात असताना, मग अकोल्याला कामगार संघटनेच्या कामाला लागल्यावर दुपारच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून. चार ठरलेले प्रश्न झाले की तुम्ही म्हणायचात, आता तुझे विचार. आणि मी विचारायची. मिसरच्या राजाचं, फारोचं मन देवानंच कठोर केलं तर मग शिक्षा फारोला का? गुलामांना सोडवायला देवाला चारशे वर्षं का लागली? सुटून आलेल्यांनी पुढं स्वतः गुलाम ठेवले की नाही? तुम्ही कधी रागावला नाहीत. काहींवर म्हणालात, मलाही हेच विचारायचं आहे. बाबांच्या पत्रकांत फक्त उत्तरं असायची, काका. प्रश्न मी तुमच्या ताटावर शिकले.

मिसरावर दहा संकटं आली, त्यांची नावं घेताना तुम्ही मनुकांच्या सरबतात बोट बुडवून दहा थेंब ताटलीत काढायचात. मी विचारलं होतं, जुलमी मेला तर सरबत कमी का करायचं? आमच्याकडं मालक हरला की पेढे वाटतात. तुम्ही म्हणालात, "त्यायच्याबी घरी रडारड झाली असंल ना पोट्टी. तेवढं आपुन कमी प्यावं." मला ते मुळीच पटलं नव्हतं. दोन वर्षं त्यावर भांडले.

आणि अलीकडं तुम्ही अकरावा थेंब काढायला लागलात. दहा झाल्यावर बोट पुन्हा बुडायचं आणि एक थेंब ताटलीच्या कडेला, बाकीच्यांपासून लांब पडायचा. तुमचा नातू तिकडं इस्रायलच्या फौजेत, युद्धावर होता. पलीकडं कुणाकुणाची नातवंडं ढिगाऱ्याखाली होती. मी अकोल्यात त्या युद्धाविरुद्ध पत्रकं वाटत होते, तुम्हाला ठाऊक होतं. त्या थेंबाबद्दल मी विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटली असावी. तुम्हाला प्रश्नाची. आपण दोघांनी भाकरी मोडली आणि खाल्ली.

मी दहाएक वर्षांची असताना तुम्ही मला गार्डाचं काम समजावलं होतं. इंजिनातल्याला पुढचं दिसतं. गार्ड शेवटच्या डब्यात, त्याला मागं काय राहिलं ते दिसतं: फलाटावर धावत येणारा म्हातारा, सुटलेली पिशवी, चढू न शकलेली बाई. आणि मिसरातून निघालेल्या त्या काफिल्यातही सगळ्यांत शेवटी चालणारं एक कूळ होतं, मागं पडलेली माणसं आणि हरवलेल्या वस्तू गोळा करत येणारं. "ते माह्यं खातं," तुम्ही म्हणालात. "तू इंजिनातली हायेस. दिसतेच."

मला तेव्हा कौतुक वाटलं होतं ते.

आता वरूडचं लिहिते. तेच लिहायला बसले आहे आणि इतका वेळ भाकरी लाटते आहे.

वरूडच्या एका शेडात बायका संत्री निवडून खोक्यांत भरतात. पाळी सुरू झाली की ठेकेदार बाहेरून कुलूप घालायचा. फळं चोरीला जातात म्हणे. एकदा आत एका बाईला फीट आली आणि किल्ली सापडेपर्यंत अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी बायका आत गेल्याच नाहीत. फाटकासमोर बसल्या. सगळ्यांत मोठा आवाज कुसुमबाईचा होता. मी अकोल्याहून गेले, तिच्या शेजारी बसले, तिच्या डब्यातलं खाल्लं. मला वाटलं, हीच ती गोष्ट. त्या गुलामांसाठी दुभंगला तसा समुद्र दुभंगणार आणि मी तिथं असणार.

तेराव्या दिवशी नऊ जणी कामावर परत गेल्या. पहिली कुसुमबाई.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. तुमच्याच पोथीतलं घेतलं: सुटलेले गुलाम वाळवंटात रडायला लागतात, मिसरातली काकडी आठवते म्हणतात, खरबूज, कांदा, लसूण आठवतो म्हणतात. मी लिहिलं, आपल्यातल्या काहींना तेरा दिवसांत फारोच्या घरची काकडी आठवली, सगळ्यांत मोठ्या आवाजाला सगळ्यांत आधी आठवली, अशांना कुलूपच शोभतं. नाव घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती.

छापखान्यात तुम्ही मुद्रित वाचलंत, लाल पेनानं तो परिच्छेद गोल केलात आणि म्हणालात, "हे काढ."

मी म्हटलं, तुमच्याच पोथीतलं आहे.

"ते रडले, एवढं लिवलंय पोथीत. त्यायले कुलूप शोभते असं कुठं लिवलंय, दाखव."

मग तुम्ही मला विटांचं सांगितलंत, जणू मी अजून सात वर्षांची होते. गुलामांचा पुढारी मोशे पहिल्यांदा फारोपुढं गेला तेव्हा फारोनं गुलामांना विटांसाठी मिळणारा भुसा बंद केला, विटा मात्र तेवढ्याच मागितल्या. लोकांनी शिव्या कुणाला घातल्या? फारोला नाही, मोशेला. त्यानं काय केलं? वर तोंड करून देवाशी भांडला, या माणसांवर तू हे काय आणलंस म्हणून. खाली वळून लोकांना एक शब्द बोलला नाही. पुढं तो चांगली बातमी घेऊन आला तरी लोकांनी ऐकलं नाही, आणि तिथं कारणही दिलेलं आहे, तुम्ही म्हणालात: दमलेल्या माणसाला श्वास पुरत नाही, त्याला ऐकू येत नाही.

मी म्हटलं, मोशेही शेवटी चिडलाच होता. लोकांना बंडखोर म्हणाला, खडकावर काठी हाणली.

"आन म्हणूनच देवानं त्याले कबूल केलेल्या देशात जाऊ नाई देल्लं," तुम्ही म्हणालात.

उत्तर सुचलं नाही की मी काय करते ते तुम्हाला माहीत होतं, पण त्या दिवशी इतकं करीन असं वाटलं नसेल. मी म्हटलं, "तुमचे सगळे निघून गेले काका. तुम्ही एकटे बडनेऱ्यात बसून राहिलात. निघणं म्हणजे काय, ते तुम्ही मला सांगता?"

बाबांनी मशीन बंद केलं. तुम्ही लाल पेनाला टोपण लावलंत, खिशात ठेवलंत आणि बाबांना "येतो" म्हणालात. फक्त बाबांना.

पत्रक निघालं. जसंच्या तसं.

त्यानंतर तुम्ही छापखान्यात आला नाहीत आणि मी तुमच्याकडं आले नाही. बाबा एकदा म्हणाले, जाऊन ये. मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. काका, किती वेळा मी हा शब्द अंगावर पांघरला आहे. आत तत्त्व होतं का, बघितलंच नाही.

सणाच्या दोन दिवस आधी तुमचा फोन आला. पडद्यावर नाव दिसलं आणि मी फोन पालथा घातला. ठरवलं होतं, आधी तुम्ही त्या पत्रकाबद्दल बोला, मग मी येईन. सणाच्या सांजेला मी अकोल्यात एका बैठकीत होते. विषय काय होता ते आता आठवत नाही.

तुम्ही कसे होतात त्या दिवशी, ते मला मालाकाकूंनी सांगितलं. दुपारी शिट्टी वाजली म्हणे. त्यांना वाटलं, क्रांती आली. दिवेलागणीला तुमचा आवाज ऐकू आला तेव्हा खात्रीच पटली. "गार्डसायेब मोठ्यानं बोलून राह्यले होते. काई विचारत, मंग गप होत. लय वेळ गप. मंग पुन्ना विचारत. म्या म्हटलं, पोट्टीचा आवाज कसा येऊन नाई राहिला."

स्वतःला विचारायचं तर मधे थांबायची गरज काय, असं सात वर्षांची मी म्हणाले असते. आता कळतं. ती जागा माझी होती. तुम्ही ती भरून काढली नाहीत, मोकळी ठेवलीत, चारही वेळा.

एका सकाळी दुधाची पिशवी दारातच राहिली, तेव्हा मालाकाकूंनी कडी वाजवली. बाबांनी मला फोन केला. मी पोचले तोवर ठाण्याहून तुमचा भाचा निघाला होता. इथं तुमची प्रार्थना होऊ शकत नव्हती, तिला तुमच्यातले दहा जण लागतात आणि या भागात तुम्ही एकटे होतात. भाचा सभ्य माणूस आहे. गाडीत तुम्हाला ठेवल्यावर त्यानं विचारलं, आपण कोण? उसनी आणलेली मुलगी, असं कसं सांगायचं? मी म्हटलं, शेजारी. गाडी ठाण्याकडं गेली. मालाकाकू त्यांच्या दारात आणि मी तुमच्या दारात, दोघी उभ्या राहिलो. वर तुमचा पंजा.

नंतर मी खोली धुंडाळली. चिठ्ठी असेल, चार ओळी असतील, निदान ते पत्रक लाल खुणांसकट असेल. काही नव्हतं. डब्यात फडक्यात बांधलेल्या तीन भाकऱ्या होत्या. घड्याळ चालू होतं. मला राग आला तुमचा, खरं सांगते. माणूस मुद्रितावर शेवटपर्यंत दुरुस्त्या करतो आणि माझ्यासाठी समासात एक शब्द ठेवत नाही.

मग तुमचं एक बोलणं आठवलं. पावसाळा सरताना तुम्ही तो दिवसभराचा कडक उपास करायचात, तेव्हा म्हणाला होतात, उपासानं देव फक्त त्याच्याशी केलेल्या चुका माफ करतो. माणसाशी केलेली चूक त्या माणसाकडंच न्यावी लागते. आणि तो मेला असेल तर? दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचं आणि त्यांच्यासमोर म्हणायचं, माझं चुकलं. त्या दहांत बायका मोजत नाहीत म्हणालात, त्यावरून त्या दिवशीही आपलं वाजलं होतं. मी मोजणार आहे. मोजून पाहिलं. बाबा, मालाकाकू, तुमच्याकडं दूध टाकणारा गजानन. माझ्यासह चार. अमरावती ते अकोला, तुम्हाला ओळखणारे आणि ठाण्यापर्यंत येतील असे मला चारच सापडले. तुमचं एकटेपण किती होतं, हे मला वीस वर्षं तुमच्या घरी जेवून समजलं नाही. ते मोजायला बसल्यावर समजलं.

पण कुसुमबाई जिवंत होती. मागच्या रविवारी मी वरूडची एसटी धरली.

ती अंगणात बाजेवर कुरड्या घालत होती. मला पाहून उठली नाही, बस म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं, मी लिहिलं ते चूक होतं, माझी चूक आहे, माफी मागायला आले आहे. तिनं साच्यातून एक कुरडई पूर्ण उतरवली. म्हणाली, ते पत्रक तिच्या दारावर तिच्याच दिरानं चिकटवलं होतं आणि पोरीनं वाचून दाखवलं. "काकडीचं काय ते समजलं नाई मले. कुलपाचं समजलं."

तिनं साच्यात पुन्हा चीक भरला.

"एवढी शिकेल बाई तू. तेरा दिवस माह्याजवळ बसली, माह्या डब्यातलं खाल्लं. मले एक डाव विचारलं काहून नाई, का कुसुम, तू वापस काहून गेली?"

काका, वीस वर्षं मी तुमच्यासमोर बसून फारोबद्दल विचारलं, देवाबद्दल विचारलं, तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांबद्दल विचारलं. शेजारी बसलेल्या बाईला विचारलं नाही. तिच्याबद्दल मला उत्तर आधीच माहीत होतं.

मग मी विचारलं. तिच्याच शब्दांत विचारलं, दुसरे सुचले नाहीत. आणि थांबले. तिनं तीन कुरड्या घातल्या. ऊन सरकून बाजेच्या पायाशी आलं. मधे बोलावंसं फार वाटलं, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. बोलले नाही. मग ती बोलली, बराच वेळ बोलली.

ती काय म्हणाली ते इथं लिहिणार नाही. तिनं मला सांगितलं, छापायला दिलेलं नाही. तिचं नाव लिहू का, एवढं विचारलं. म्हणाली, "लिव. मांगं चांगलं लिवलं नाई, आता तरी लिव."

माफ केलं का, ते ती बोलली नाही. वाटीत चीक काढून दिला, वर तेल-तिखट. खाऊन जाय, थंडा झाला की मजा नाई. तीन दिवस आंबवलेल्या गव्हाचा चीक, तुमच्या अठरा मिनिटांच्या अगदी उलट. सण उलटून गेला होता, तुम्हालाही चालला असता.

खाताना मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. ते वाक्य काढ म्हणणारा एक म्हातारा होता, रेल्वेतला, मी त्याचं ऐकलं नाही आणि आता तो गेला. दहा जणांचंही सांगितलं. तिनं विचारलं, कुठं पुरलं त्यायले? मी म्हटलं, ठाण्याला.

"लय दूर हाय," ती म्हणाली. हातातला साचा धुतला, पालथा घातला, पदराला हात पुसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "जाशीन तवा सांगजो."

पाच झालो, काका.